तिच्या पायाखालची फळी कोणी निवडली?

(वस्तीपातळीवर किशोरवयीन मुलींसोबत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या दोन दिवसांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचं हे शब्दांकन. भाषणानंतरच्या चर्चेतला काही भाग शेवटी दिला आहे.)



काल रात्री जेवताना एकीने मला विचारलं, "उद्या तू कशावर बोलणार?" मी म्हटलं, "स्केटबोर्ड कसा निवडायचा यावर." ती खळखळून हसली. म्हणाली, "बालविवाह झाला, पाळी झाली, शाळागळती झाली, आणि आता चाकाची फळी!" मला तिच्या हसण्याचा राग आला नाही. तीन वर्षांपूर्वी मीही अशीच हसले असते. एम.एस.डब्ल्यू. करताना गटकार्य शिकले, समुपदेशन शिकले, अर्ज-निवेदनं लिहायला शिकले. नट कुठल्या बाजूला फिरवला की घट्ट होतो, हे मात्र मला कोणी शिकवलं नाही आणि मीही विचारलं नाही.

तुमच्यातल्या अनेकींनी लहानपणी बेअरिंगची गाडी पाहिली असेल. गॅरेजमधून टाकून दिलेली तीन बेअरिंग आणायची, लाकडाच्या पट्ट्या ठोकायच्या आणि उतारावरून खडखडत सुटायचं. आमच्या गल्लीत माझ्या भावाने ती केली होती. मला त्या गाडीवर जागा होती, नाही असं नाही. मी धक्का देणारी होते. बेअरिंग कुठून आणलं, खिळा कुठे मारला, पुढचं चाक वळतं कसं, हे सगळं त्याच्या डोक्यात होतं. माझ्या वाट्याला फक्त ढकलणं आलं.

आज मी जे सांगणार आहे ते याच ज्ञानाबद्दल आहे. खेळाचं साधन मुलींच्या हातात दिलं की आपलं काम झालं असं आपण समजतो. ते साधन कसं आहे, कोणाच्या वजनाला बेतलं आहे, कोणी निवडलं, मोडलं तर कोण दुरुस्त करतं, हे आपण विचारत नाही. ते न विचारल्याची किंमत एका मुलीने दिली. तिथूनच सुरुवात करते.

बारा गुलाबी फळ्या

आमच्या वस्तीतल्या मुलींच्या गटाने एक चित्रपट पाहिला होता. राजस्थानातल्या खेड्यातली मुलगी स्केटबोर्ड शिकते, असा तो २०२१ सालचा 'स्केटर गर्ल'. मुलींनी लकडा लावला, "ताई, आपल्याला पण." एका देणगीदार बाईंनी थोडे पैसे दिले. माझा हिशोब सरळ होता. गटात चोवीस मुली, दोघींत एक बोर्ड, म्हणजे बारा बोर्ड. तेवढ्या पैशात बारा बसवायचे तर स्वस्तातलेच घ्यावे लागणार. मी खेळण्यांच्या दुकानात गेले. दुकानदाराचा पहिला प्रश्न होता, "मुलांसाठी की मुलींसाठी?" मी अभिमानाने सांगितलं, "मुलींसाठी!" त्याने फुलपाखरांची चित्रं असलेल्या गुलाबी फळ्या काढल्या. मी एकीवरही उभी राहून पाहिलं नाही. साडी घेताना पदर उलगडून पाहणारी मी, बारा फळ्या न तपासता रिक्षात भरून घेऊन आले.

तिसऱ्या आठवड्यात नववीतली एक मुलगी शाळेच्या पटांगणात पडली. ती वेगातही नव्हती. चाकाखाली हरभऱ्याएवढा खडा आला, चाक जागच्या जागी अडलं, फळी थांबली आणि ती पुढे गेली. पडताना माणूस हात पुढे टाकतोच. मनगटाचं हाड मोडलं. सहा आठवडे प्लास्टर.

मी तिच्या घरी गेले. वडील म्हणाले, "पोरीच्या जातीला हे कशाला लागतं?" आई चहा टाकत होती, ती काही बोलली नाही. आणि मी काय बोलले ते आज तुमच्यासमोर सांगते, कारण ते लपवण्यात अर्थ नाही. मी म्हटलं, "तिला सांभाळून खेळायला सांगितलं होतं हो मी." म्हणजे दोष तिचा. स्टोव्ह भडकला की 'तिचा पदर नीट नव्हता' असं म्हणणारा समाज आपण वर्षानुवर्षं पाहिला आहे. त्या संध्याकाळी मी तेच बोलले, फक्त स्टोव्हच्या जागी फळी होती.

आठवडाभरात गटातल्या नऊ मुलींचं येणं बंद झालं.

फळी उघडून पाहिली तेव्हा

नाक्यावर सायकल दुरुस्त करणारे एक मामा आहेत. मोडका बोर्ड घेऊन मी त्यांच्याकडे गेले. त्यांनी आयुष्यात स्केटबोर्ड पाहिला नव्हता, पण चाक आणि आस त्यांना कळतात. त्यांनी पाच मिनिटांत तो सुटा केला आणि चाकावर नख दाबून म्हणाले, "बाई, हे प्लास्टिक आहे. खड्याला हे दबणार नाही. अडणार."

मग मी वाचू लागले, शहरातल्या स्केटबोर्ड खेळणाऱ्या मुलामुलींना गाठून विचारू लागले. तेव्हा कळलं की मामांनी पाच मिनिटांत सांगितलेली गोष्ट हीच या खेळाच्या इतिहासातली सर्वात मोठी घडामोड आहे. १९६० च्या दशकात अमेरिकेत हा खेळ पसरला तेव्हा बोर्डाला मातीच्या मिश्रणाची कडक चाकं असत. खडा आला की चाक अडायचं आणि खेळणारा तोंडावर पडायचा. त्याच चाकांवर पॅटी मॅगी नावाची तरुणी खेळत होती. 'लाइफ' मासिकाच्या मे १९६५ च्या मुखपृष्ठावर ती आहे, चालत्या बोर्डावर हात टेकून पाय आभाळात. त्यानंतर थोड्याच काळात हा खेळ ओसरला. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला फ्रँक नॅसवर्दी याने पॉलियुरेथेनची चाकं बाजारात आणली. ही चाकं रबरासारखी किंचित दबतात, जमीन धरून ठेवतात आणि बारीक खडा गिळून पुढे जातात. त्यानंतर खेळाने पुन्हा उचल खाल्ली. चाक बदललं म्हणून खेळणारे टिकले.

म्हणजे ज्या चाकांनी पन्नास-साठ वर्षांपूर्वी लोकांना पाडलं, तसलीच चाकं मी आमच्या मुलींना दिली होती, वर फुलपाखरं चिकटवून. आणि ती पडली तर सांभाळून खेळली नाही म्हणून तिच्यावर खापर.

आता तपासायचं कसं

पाच भाग लक्षात ठेवा: डेक, ट्रक, बुश, चाक, बेअरिंग. एकेक घेऊ.

डेक म्हणजे उभं राहायची लाकडी फळी. चांगली फळी मेपल लाकडाचे बहुधा सात पातळ थर चिकटवून, दाबून केलेली असते. फळी आडवी धरून कड पाहा, थर मोजता येतात. कडेला भुसा किंवा पुठ्ठ्यासारखं काही दिसलं तर ती ठेवून द्या. मग ती सपाट फरशीवर ठेवा. चारही चाकं टेकली पाहिजेत, लंगड्या पाटासारखी डुगडुगता कामा नये. वरचा काळा खरखरीत कागद पाय घसरू नये म्हणून असतो. तो कडेपर्यंत नीट चिकटलेला हवा. रुंदी पावलावर ठरते. लहान पावलांच्या मुलींना साधारण साडेसात इंच, मोठ्यांना आठ-सव्वाआठ इंच. रंगाचा आणि चित्राचा याच्याशी काही संबंध नाही.

ट्रक म्हणजे मालवाहू गाडी नव्हे. फळीखालचे जे दोन धातूचे आस, त्यांना ट्रक म्हणतात. ते धातूचेच हवेत, बहुतेक वेळा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे. खेळण्यातल्या बोर्डाचे ट्रक प्लास्टिकचे असतात, ते वाकतात किंवा तडकतात. आसाची रुंदी डेकच्या रुंदीच्या जवळपास असावी, पाव इंचाचा फरक चालतो. चाकं फळीबाहेर फार आली तर पाय लागतो, फार आत राहिली तर बोर्ड कलंडतो.

'घाबरट' मुलगी आणि बुश

तिसऱ्या भागावर थोडी थांबते, कारण मला सर्वात जास्त शिकवलं ते याने. ट्रकच्या मधोमध एक जाड बोल्ट असतो, त्याला किंगपिन म्हणतात. त्याच्यावर दोन छोट्या गोल गाद्या बसवलेल्या असतात. गॅरेजवाला त्यांना बुश म्हणेल. आपण फळीवर एका बाजूला वजन टाकलं की त्या दबतात आणि बोर्ड त्या बाजूला वळतो. बोर्डाला सुकाणू नाही, हँडल नाही. वळणं होतं ते केवळ आपल्या वजनाने.

अपघातानंतर आम्ही पैसे जमवून चार चांगले बोर्ड घेतले होते. आमच्या गटात सहावीतली एक मुलगी आहे, वजन अठ्ठावीस किलो. ती सरळ जायची, कठडा जवळ आला की उडी मारून उतरायची. वळायचीच नाही. वस्तीतली मोठी मुलं म्हणायची, "ताई, ती घाबरट आहे." त्यांच्यातला एक पंचावन्न किलोचा मुलगा त्याच बोर्डावर चढला आणि झोकात वळवून दाखवलं. झालं, पुरावा मिळाला. मी माझ्या नोंदवहीत तिच्या नावापुढे लिहिलं, 'आत्मविश्वासाचा अभाव. समुपदेशनाची गरज.'

मग एका खेळाडू मुलीने त्या बोर्डाकडे पाहिलं. म्हणाली, "हे बुश कडक आहेत. हिच्या वजनाने दबणारच नाहीत." तिने मऊ बुश बसवले, किंगपिनचा नट अर्धा फेरा सैल केला. पोरगी चढली, कलली आणि बोर्ड वळला. ती स्वतःच इतकी दचकली की ओरडली. त्या दिवशी तिने पटांगणाला आठ फेऱ्या मारल्या.

मी घरी येऊन नोंदवहीतली ती ओळ खोडली. गेल्या दहा वर्षांत अशा किती ओळी लिहिल्या असतील, याचा विचार अजून करते आहे. मुलीला जमत नाही असं दिसलं की आपण तिच्या मनात डोकावतो. आधी तिच्या पायाखाली डोकवायला हवं.

बुशचा कडकपणा आकड्याने सांगतात, त्या आकड्यापुढे 'ए' लिहिलेलं असतं. आकडा जितका लहान तितका बुश मऊ. तीस-पस्तीस किलोच्या मुलीला ऐंशीच्या आसपासचे मऊ बुश लागतात, मोठ्या माणसाला नव्वदच्या पुढचे चालतात. नट सैल करतानाही मर्यादा आहे. नटाच्या आतल्या नायलॉनच्या कड्यात बोल्टचे आटे अडकलेले राहिले पाहिजेत, नाहीतर चालताना नट गळून पडेल. आणि जितका बोर्ड सैल तितका वेगात तो थरथरतो. म्हणून थोडं थोडं फिरवायचं, दर वेळी चढून पाहायचं.

चाक, बेअरिंग आणि दुकानदाराचं बोट

चाकाचा कडकपणाही त्याच 'ए' आकड्याने सांगतात. सिमेंटच्या गुळगुळीत मैदानावर उड्या, करामती करायच्या तर ५० ते ५४ मिलिमीटर व्यासाची, ९९ किंवा १०१ 'ए'ची कडक चाकं घेतात. आपल्या गल्ल्या तशा नाहीत. खरबरीत काँक्रीट, गटाराची झाकणं, फरश्यांच्या फटी. तिथे कडक चाकाने दात खडखडतात आणि खड्याला अडतं ते वेगळंच. आपल्याला ५८-६० मिलिमीटरची, ७८ ते ८५ 'ए'ची मऊ चाकं बरी. मात्र चाक मोठं झालं की वळताना ते फळीच्या पोटाला घासतं आणि बोर्ड एकदम थांबतो. म्हणून ट्रक आणि फळी यांच्या मध्ये तीन-सहा मिलिमीटरची रबरी किंवा प्लास्टिकची पट्टी घालतात. विकत घेताना फळी पूर्ण कलवून पाहा, चाक लागतं का.

बेअरिंग एका चाकात दोन, म्हणजे एका बोर्डात आठ. दुकानदार बोटाने चाक फिरवतो आणि म्हणतो, "बघा ताई, किती वेळ फिरतंय!" त्याला भुलू नका. हवेत रिकामं चाक फिरणं आणि माणसाचं वजन घेऊन फिरणं यात फरक आहे. तसंच डब्यावर 'एबेक ७', 'एबेक ९' असं लिहिलेलं असतं. ते बेअरिंगच्या मापातल्या अचूकतेचं मोजमाप आहे, फार वेगाने फिरणाऱ्या यंत्रांसाठी केलेलं. पोलाद कसं आहे, आडवा दणका सोसेल का, हे त्यातून कळत नाही. आकडा मोठा म्हणून पैसे जास्त मोजू नका. हे बेअरिंग ६०८ मापाचं असतं, आतलं भोक ८ आणि बाहेरचा व्यास २२ मिलिमीटर. लहान मोटारींमध्येही हेच माप वापरतात, त्यामुळे बेअरिंगच्या दुकानात ते सहज मिळतं.

देखभालीत आपण मुळीच मागे नाही. धूळ गेली की बेअरिंग काढून रॉकेलसारख्या द्रावणात धुवायचं, अर्थात चुलीपासून लांब, आणि पूर्ण वाळवून शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब द्यायचा. खोबरेल नको, ते घट्ट होऊन धूळ धरतं. आमच्या बचतगटातल्या शिवणकाम करणाऱ्या बायकांना हे सांगावंच लागलं नाही. त्याच मुलींना म्हणाल्या, "एकच थेंब गं, वाहू देऊ नको." पावसात बोर्ड बाहेर काढायचा नाही. लाकडाचे थर सुटतात, बेअरिंग गंजतं. जून आला की आमचे बोर्ड माळ्यावर जातात.

लांब बोर्ड कोणासाठी?

लाँगबोर्ड नावाचा दुसरा प्रकार आहे. स्केटबोर्ड साधारण ३१-३२ इंच लांब असतो, लाँगबोर्ड ३३ पासून ४४ इंचांपर्यंत. चाकं मोठी आणि मऊ, ६५ ते ७५ मिलिमीटरची. ट्रक रुंद. तो उड्यांसाठी नाही, लांब जाण्यासाठी आहे. काहींमध्ये फळीला भोक पाडून ट्रक आरपार बसवलेला असतो, त्यामुळे उभं राहायची जागा जमिनीजवळ येते. अशा बोर्डावर तोल सांभाळणं सोपं आणि ढकलताना गुडघा कमी वाकतो. नवशिक्यांना आणि मोठ्या वयाच्या बायकांना हा बरा. काही फळ्या लवचीक असतात, त्या वजनाप्रमाणे घ्याव्या लागतात. जड माणूस मऊ फळीवर चढला तर ती खाली टेकते, हलकी मुलगी कडक फळीवर चढली तर प्रत्येक हादरा पायाला लागतो.

तोटे असे की तो जड असतो, बसमध्ये नेता येत नाही आणि उतारावर फार वेग घेतो. थांबायला शिकल्याशिवाय उतार नको, हा आमच्याकडे पक्का नियम आहे.

आम्ही एक लाँगबोर्ड घेतला तो मुलींसाठी. पण संध्याकाळी चार घरची धुणीभांडी करून परतणारी एक बाई, दोन मुलांची आई, रोज कठड्याला टेकून पाहायची. एक दिवस म्हणाली, "मी चढू का?" दोघींनी हात धरले. पटांगण ओलांडून गेली आणि परत आली. उतरल्यावर म्हणाली, "लग्नानंतर पहिल्यांदा पाय जमिनीला न लावता कुठे गेले." त्यावर सगळ्या हसल्या, तीही हसली.

तेव्हा निवडीचा पहिला प्रश्न 'किती रुपयांचा' किंवा 'मुलांचा की मुलींचा' हा नाही. कोण चढणार, तिचं वजन किती, पाऊल केवढं, जमीन कशी आणि तिला करायचं काय, हे पाच प्रश्न आधी. त्यांची उत्तरं तिच्याकडूनच घ्यायची.

वेणी, ओढणी, मनगट

हेल्मेट हवंच. मोटारसायकलचं हेल्मेट या कामाचं नाही, ते जड असतं, मान अवघडते, कान झाकले जातात. स्केटबोर्ड किंवा सायकलसाठीचं घ्या, आत 'ईएन १०७८'सारख्या प्रमाणाचा शिक्का पाहा. भुवईच्या वर दोन बोटं बसलं पाहिजे, हनुवटीखालच्या पट्ट्यात एक-दोन बोटं जातील इतकंच सैल. ज्या हेल्मेटवर जोरात आपटलं किंवा ज्याला तडा गेला ते पुन्हा वापरू नये. आता बाहेरच्या माहितीपत्रकात न सापडणारी गोष्ट. आपल्या मुलींना अंबाडा किंवा उंच पोनी असेल तर हेल्मेट मागे बसतच नाही, वर उचललेलं राहतं. मानेजवळ सैल वेणी घालायची. ओढणी काढून ठेवायची किंवा कमरेला घट्ट बांधायची, चाकात गेली तर काय होईल ते सांगायला नको. स्लीपर नको, सपाट तळव्याचे बूट हवेत.

गुडघ्याचे आणि कोपराचे पॅड घ्या, पण पैसे कमी असतील तर हेल्मेटनंतर मनगटाचे गार्ड. आमच्या मुलीचं मनगट मोडलं तेव्हा आमच्याकडे एकही नव्हतं.

पाना कोणाच्या हातात?

अनेक ठिकाणी मुलींनी या खेळात पाय रोवला आहे. २००७ साली काबूलमध्ये ऑलिव्हर पर्कोविच याने मुलांना स्केटबोर्ड शिकवायला सुरुवात केली, त्यातून स्केटिस्तान ही संस्था उभी राहिली. तिथे मुलींनी सायकल चालवणं लोकांना खपत नव्हतं. स्केटबोर्ड मात्र इतका नवा होता की तो कोणाचा हे अजून ठरलं नव्हतं, त्या फटीतून मुली आत आल्या. २०२१ च्या ऑगस्टमध्ये तालिबान सत्तेवर आल्यावर ते काम थांबवावं लागलं. मध्य प्रदेशात पन्ना जिल्ह्यातल्या जनवार गावी २०१५ मध्ये उलरिके राइनहार्ड यांनी स्केटपार्क उभारला, तिथला नियम होता 'मुली आधी', आणि शाळेत न जाणाऱ्याला बोर्ड नाही. बंगळूरच्या अतिता वर्गीस हिने मुलींना शिकवण्यासाठी 'गर्ल स्केट इंडिया' सुरू केलं. २०२२ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत आपल्या पुण्याच्या श्रद्धा गायकवाड हिने सुवर्णपदक मिळवलं. टोकियोत २०२१ साली झालेल्या ऑलिंपिकमध्ये स्त्रियांच्या स्ट्रीट प्रकारातल्या पहिल्या दोघी, मोमिजी निशिया आणि रायसा लेआल, तेरा वर्षांच्या होत्या.

पण नवी वस्तू फार काळ बेवारस राहत नाही. आमच्याकडे गुलाबी फळ्या होत्या तोवर त्यांना कोणी हात लावला नाही. चांगले चार बोर्ड आले आणि आठवड्यात ते मोठ्या मुलांकडे गेले. "ताई, तिला येत नाही, मी जरा चालवतो." संध्याकाळी मुली कठड्यावर बसलेल्या आणि मुलं बोर्डावर. मी नियमांचा कागद लावला, उपयोग झाला नाही. उपयोग झाला तो पाना मुलींच्या हातात गेल्यावर.

तीन माप लागतात. चाकाच्या नटाला अर्धा इंच, किंगपिनला ९/१६ इंच, फळीच्या बारीक नटांना ३/८ इंच. मामांनी शिकवलं, "१४ नंबरचा पाना किंगपिनला ठोकून बसवू नका, तो किंचित लहान पडतो." प्रत्येक बोर्ड आता दोन मुलींच्या नावावर आहे. बुश त्यांच्या वजनाला लावलेले आहेत. जड मुलगा त्यावर चढला की बोर्ड त्याला नको तितका डोलतो. त्याला तो आवडत नाही. तो येतो आणि म्हणतो, "मला माझ्यासारखा लावून दे." मुली सांगतात, "तुझा आण, लावून देतो."

खरेदीलाही आता मुली येतात. मागच्या वेळी दोघी होत्या, आठवीतली आणि दहावीतली. दुकानदाराने विचारलं, "मुलींसाठी का?" दहावीतली म्हणाली, "बेचाळीस किलोसाठी. बुश कुठले आहेत?" त्याला माहीत नव्हतं. तिने फळी उलटी करून स्वतः वाचलं. बारा स्वस्त फळ्यांच्या पैशात चांगले तीनच येतात, हेही त्यांनीच हिशोबवहीत मांडलं, आणि पाळीपाळीने खेळायचं वेळापत्रक केलं. जुना बोर्ड विकत घेताना मुली कडेचे थर सुटलेत का, ट्रकला तडा आहे का आणि चाक एका बाजूने झिजलंय का ते पाहतात. चाकं आणि बेअरिंग बदलता येतात. तडकलेला ट्रक आणि सुटलेली फळी घ्यायची नाही.

जिचं मनगट मोडलं ती आता दर रविवारी येते. सगळे बोर्ड ती तपासते, तिच्या होकाराशिवाय एकही खाली जात नाही. ती स्वतः चढत नाही. वडिलांची परवानगी नाही, आणि तिचंही मन अजून झालेलं नाही. मी तिला आग्रह करत नाही. तिच्या घरी मात्र पुन्हा गेले होते. ते प्लास्टिकचं चाक सोबत नेलं, वडिलांच्या हातात दिलं आणि म्हटलं, "दादा, चूक हिची नव्हती. मी न बघता आणलं होतं." त्यांनी ते चाक उलटसुलट करून पाहिलं. ते गवंडीकाम करतात, सामान ओळखतात. म्हणाले, "हे तर कामाचंच नव्हतं." तिची आई दाराशी उभी होती. ती म्हणाली, "तरी मी म्हणत होते." आधी कोणी तिला विचारलंच नव्हतं.

चर्चेतून

*एका कार्यकर्तीने विचारलं: आमच्या वस्तीत पाण्याचा टँकर येत नाही. अशा ठिकाणी इतके महागडे खेळ आणणं हे लाड नाहीत का?*

टँकर आणि बोर्ड यांत निवड करायची वेळ आली तर मी टँकर म्हणेन. पण हे पैसे टँकरचे नव्हते. शिवाय पाण्यासाठी रांगेत उभी राहणारी मुलगीच संध्याकाळी दोन तास स्वतःचे मागते आहे. तिच्या भावाचं क्रिकेट आपण कधी लाडात मोजलेलं नाही. तुमच्याकडे पैसे नसतील तर बोर्ड आणू नका. दोरीवरच्या उड्या असोत की सायकल, जे असेल ते तपासून द्या. सायकलच्या सीटची उंची किती मुलींच्या पायांना लावलेली आहे, उद्या गावी गेल्यावर पाहा.

*दुसरीने विचारलं: आम्हाला यातलं काहीच कळत नाही. मुलींना कोण शिकवणार?*

मलाही कळत नव्हतं. नाक्यावरच्या सायकलवाल्यापासून सुरुवात करा. त्याला मुलींसमोर एक चाक उघडायला सांगा, मग तेच चाक मुलींना परत बसवायला सांगा. आपण बाजूला उभं राहायचं आणि पाना मागायचा नाही.